गेस्ट, ड्यूटी आणि टी-पॉइंट

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. छत्रपती संभाजीनगरात गाडीच्या धंद्यात असलेल्या कुणालाही हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. बाहेरून येणाऱ्याला मात्र नेमकं हेच ठाऊक नसतं. सोमवारी पहाटे देवगिरी एक्स्प्रेसनं उतरलेला परदेशी पाहुणा आंघोळ आटोपून आठ वाजता हॉटेलच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, अजिंठा. अशाच एका सोमवारी ड्रायव्हरनं ‘मंडे, अजंठा ऑफ’ एवढं सांगितलं. पाहुण्याला ते नीट कळलंही. पण मग आज काय करायचं, हे दोघांपैकी कुणालाच बोलता येईना. निम्मी सकाळ हॉटेलच्या लॉबीत गेली आणि पाहुण्यानं इंटरनेटवर लिहून टाकलं की या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरांना इंग्रजी येत नाही.

त्या ट्रॅव्हल्सचे मालक माझ्या ओळखीचे. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत असे आणि घरच्या लग्नकार्याला गाड्या त्यांच्याकडूनच घेत असे. ते म्हणाले, “मॅडम, पोरांना जरा बोलतं करा.” पावसाळ्यात धंदा थंड असतो. वाघूर नदी भरते, अजिंठ्याचा डोंगर हिरवा होतो, पण परदेशी पाहुणा त्या दिवसांत फिरकत नाही. म्हणून पावसाळ्याचे महिने ठरले आणि जागा मिळाली स्टेशनजवळच्या एका लॉजचा जेवणाचा हॉल. वेळ रात्री साडेनऊनंतरची. कुणाला अचानक भाडं लागलं की तो उठून जाणार, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं.

‘पोरं’ हा शब्द मालकांचा. हॉलमध्ये समोर बसलेल्यांत पंचविशीतले काही होते, तसे अँबेसेडरच्या काळापासून स्टेअरिंग धरलेले, मेंदी लावलेल्या दाढीचे दोन-तीन चाचाही होते. सगळ्यांच्या हातात मालकांनी आणलेलं एक चित्रमय पुस्तक होतं. त्यात वाहतुकीची साधनं होती: कार, बस, ट्रेन, जहाज, हेलिकॉप्टर, शिवाय बर्फावरून कुत्र्यांनी ओढायची गाडी. प्रत्येक चित्राखाली इंग्रजी नाव. एका चाचांनी पानं उलटली, चष्मा कपाळावर चढवला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “मॅडम, ये जहाज औरंगाबादकू कब लगता?” पुस्तकं त्या दिवशीच कपाटात गेली.

खरं तर या मंडळींच्या तोंडी वाहतुकीचं इंग्रजी माझ्यापेक्षा जास्त होतं. क्लच, गिअर, सेल्फ, डिपर, रेडिएटर, कूलंट, बोनेट, डिकी, स्टेपनी, जॅक, पिकअप, ड्रॉप, वेटिंग, लोकल, आउटस्टेशन, नाइट हॉल्ट. यातल्या कितीतरी शब्दांना मराठीत पर्याय शोधायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. उलट काही शब्द आता इंग्रजांकडेच उरलेले नाहीत. ‘स्टेपनी’ हा त्यातला माझा लाडका. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकावर बाहेरून अडकवायचं जादा चाक विकायला काढलं आणि त्याला रस्त्याचं नाव दिलं. तिकडे माल आणि नाव दोन्ही मागे पडलं. आपल्या हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे मात्र ते रोज उच्चारलं जातं. अमेरिकन पाहुण्याला ‘स्टेपनी’ म्हटलं तर तो तोंडाकडे बघत राहतो. ‘डिकी’ म्हटलं तरी तेच. त्याला ती ‘ट्रंक’ लागते, इंग्रजाला ‘बूट’. ड्रायव्हरांना मी हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, “बुटात बॅग ठेवू का, असं विचारायचं? गेस्ट मारंल ना आपल्याला.” मग ठरलं की डिकी उघडून दाखवायची आणि बॅगेला हात घालण्याआधी ‘मे आय?’ एवढंच म्हणायचं. उघडी डिकी बघितल्यावर तिला काय म्हणतात हे कुणी विचारत नाही.

गाडीत बसणाऱ्या माणसालाही त्यांच्याकडे तीन नावं होती आणि त्यात चोख प्रतवारी होती. सिल्लोड लाइनला काळी-पिवळी भरतो त्याच्यासाठी माणूस म्हणजे ‘सीट’: दोन सीट कमी आहेत, भरल्या की निघू. रिक्षावाल्याची ती ‘सवारी’. आणि टूरिस्ट गाडीत बसला की तोच ‘गेस्ट’. काळी-पिवळीवरून टूरिस्टच्या गाडीवर आलेल्या एका तरुणाच्या तोंडातून सुरुवातीला चुकून ‘सीट’ निघायचं आणि सगळा हॉल त्याला हसायचा. त्याची प्रगती मी तरी व्याकरणावर मोजली नाही. तो ‘गेस्ट’ म्हणू लागला तेव्हा त्यानं इस्त्रीचा पांढरा शर्टही घेतला होता.

मग शिकवायचं काय? पहिले काही दिवस मी फक्त विचारत गेले, की भांडण कुठे होतं. उत्तरं भराभर आली. सगळ्यात जुनं दुखणं निघालं ड्यूटी स्लिपचं.

ड्यूटी स्लिप म्हणजे गाडी निघाल्यापासून परत येईपर्यंतचा हिशेबाचा कागद. ओपनिंग किलोमीटर, क्लोजिंग किलोमीटर, वेळ, टोल, पार्किंग आणि खाली गेस्टची सही. गावातल्या गावात फिरायचं तर ‘आठ-ऐंशी’, म्हणजे 8 तास आणि 80 किलोमीटर. त्याच्या वर गेलं की जादा आकार. बाहेरगावच्या ड्यूटीला दिवसाचे किमान किलोमीटर धरलेले असतात, बहुतेक ठिकाणी 250 किंवा 300. अजिंठ्याला जाऊन-येऊन होतात 200 च्या आसपास, पण पैसे किमान आकड्याचे. त्यातून मोजणी ‘गॅरेज टू गॅरेज’. गेस्ट हॉटेलच्या पायरीवरून गाडीत बसतो आणि त्याच्या मते मीटर तिथून सुरू व्हायला हवं. स्लिपवर मात्र त्याआधीचे सहा-सात किलोमीटर चढलेले. त्यात पुन्हा ‘गॅरेज’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे दुरुस्तीचं वर्कशॉप येतं. गाडी बिघडली होती काय, आणि तिच्या दुरुस्तीला गेलेले किलोमीटर माझ्या माथी का?

हे भांडण संध्याकाळी व्हायचं, सही घ्यायच्या वेळी. दोघंही दमलेले असताना. त्यावर इंग्रजीपेक्षा वेळ बदलणं हाच उपाय होता. स्लिप सकाळीच दाखवायची. ‘वी काउंट फ्रॉम अवर ऑफिस, अँड बॅक टू अवर ऑफिस’ हे वाक्य आम्ही घोकून घोकून बसवलं. गॅरेज काढून ऑफिस घातलं. ज्यांना एवढं लांब वाक्य झेपेना त्यांनी स्लिपवरच्या आकड्यावर बोट ठेवून ‘ऑफिस’ आणि दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून पुन्हा ‘ऑफिस’ म्हणायचं. कुरकुर सकाळी झाली तरी ती गाडी सुरू व्हायच्या आत मिटते, हा अनुभव त्यांचाच. मला तो पुढच्या सीझनमध्ये कळवला गेला.

पैशाच्या बाबतीत दुसरी एक सवय मोडायला फार जड गेली. ठरलेल्या ड्यूटीत नसलेली एखादी जागा, समजा पाणचक्की किंवा हिमरूचं दुकान, गेस्टनं वाटेत सांगितली की किती घेणार या प्रश्नाला आमच्या लोकांचं उत्तर ‘ॲज यू लाइक’. आपल्याकडे हा विनय आहे. तोंडानं पैसे मागायचे नाहीत, समोरचा समजून देईल. परदेशी माणसाच्या कानाला हा सापळा वाटतो: आकडा सांगत नाही, म्हणजे शेवटी भलताच सांगणार. आणि शेवटी त्यानं शंभराची नोट पुढे केली की ड्रायव्हरचं तोंड पडायचं, हेही तितकंच खरं. आकडा आधी सांगा, हे मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तरुणांनी ऐकलं. चाचा मंडळींना ते अखेरपर्यंत असभ्यच वाटलं आणि मी त्यांच्याशी फार वाद घातला नाही.

पण माझा सगळ्यात मोठा झगडा झाला तो ‘नो प्रॉब्लेम’शी.

हे दोन शब्द प्रत्येकाला येत होते आणि प्रत्येक प्रश्नाला लागू होते. एसी चालेल ना? नो प्रॉब्लेम. वाटेत दौलताबाद करता येईल? नो प्रॉब्लेम. साडेचारचं विमान आहे, वेरूळहून दोनला निघालो तर चालेल? नो प्रॉब्लेम. यातलं शेवटचं उत्तर देणाऱ्यालाही मनातून माहीत असतं की दौलताबादच्या तटातल्या अरुंद दरवाज्यात एका वेळी एकच मोठी गाडी निघते. समोरून बस आणि मागून ऊसतोडीची बैलगाडी आली की सगळा हायवे तिथे खिळून राहतो. वेरूळ शहरापासून अवघं 30 किलोमीटर, पण तो दरवाजा आणि चिकलठाण्यापर्यंतचा जालना रोड एका दिवशी दोन्ही तुंबले तर विमान राहतं. मी विचारलं, मग ‘नो प्रॉब्लेम’ का म्हणता? एकानं सरळ सांगितलं, “नाही म्हटलं तं गेस्ट घाबरतो, मॅडम. आणि आपण गाडी काढतोच ना कशीबी.”

गाडी कशीही काढणं, म्हणजे कुठल्यातरी गल्लीतून, मिटमिट्याच्या अलीकडून वळसा घालून, त्यांच्या कौशल्याचा भाग होता. मागे बसलेल्याला ते कौशल्य दिसत नाही. त्याला दिसतं घड्याळ, हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर आणि न सांगता बदललेला रस्ता. अनोळखी देशात गाडी अचानक गल्लीत शिरली की माणसाच्या पोटात गोळा येतो. बाईमाणूस एकटी असेल तर अधिकच. हे मी हॉलमध्ये बोलले तेव्हा क्षणभर सगळे गप्प बसले; त्यांच्या ते डोक्यातच आलेलं नव्हतं. वळण्याआधी एक वाक्य बोलायचं, हा नियम त्या रात्री झाला. ‘ट्रॅफिक जॅम. आय टेक अनदर रोड.’ व्याकरणाला मी हात लावला नाही.

त्यानंतर फळ्यावर मी जे शब्द लिहिले त्यांत वाहन कुठेच नव्हतं. मे, अबाउट, इफ, इन्स्टेड, बाय, टिल. ‘वी मे बी लेट.’ ‘अबाउट थ्री अवर्स.’ ‘अजंठा इज क्लोज्ड, यू कॅन सी एलोरा इन्स्टेड.’ चाकं, इंजिन आणि दिशा यांचे शब्द त्यांच्याकडे पोत्यानं होते. पुढे काय होईल हे सांगणारे हे बारके शब्दच नव्हते. त्यातला ‘बाय’ भारी खट्याळ. गेस्ट म्हणतो, ‘आय विल बी बॅक बाय फाइव्ह’. ड्रायव्हर ऐकतो ‘फाइव्ह’ आणि चारला चहा प्यायला निघून जातो. पावणेपाचला गेस्ट उन्हात उभा, गाडीला कुलूप. ‘बाय’ म्हणजे पाचच्या आत केव्हाही, हे समजावायला मला एसटीचं टाइमटेबल उपयोगी पडलं नाही. घरी वाट बघणारी बायको उपयोगी पडली. ‘पाचपर्यंत या’ म्हटल्यावर पाचला निघणाऱ्या नवऱ्याचं काय होतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

वेळेचा आणखी एक फटका जर्मन पाहुण्यांचा. ‘हाफ सेव्हन’ म्हटलं की इंग्रज माणूस साडेसात समजतो. जर्मन भाषेत तोच शब्दप्रयोग साडेसहाचा. सातव्या तासाचा अर्धा झाला, असा त्यांचा हिशेब. एका ड्रायव्हरनं हॉटेलात साडेसातला गाडी लावली तेव्हा जर्मन जोडपं तासभर आधीपासून बॅगा घेऊन पायरीवर बसलेलं. त्याला वाटलं हे लोक उगाच तापट आहेत. तेव्हापासून वेळ तोंडी ठरवायची नाही, मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवायचा, असं त्यांनी आपापसांत ठरवलं. मला काही विचारलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती.

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर मात्र आमचा सगळा वर्ग आठवडाभर अडकला. अजिंठ्याची लेणी तिथून पुढे साधारण 4 किलोमीटर. गाड्यांच्या धुराचा त्रास लेण्यांना होऊ नये म्हणून खासगी गाड्या टी-पॉइंटवरच थांबतात. पुढे एसटीच्या बसनं जायचं. व्यवस्था चांगली आहे. पण गेस्टच्या बाजूनं बघा. त्यानं अजिंठ्यापर्यंतचे पैसे ठरवलेत. तीन तास प्रवास करून गाडी एका मोठ्या पार्किंगमध्ये थांबते, समोर लेणी नाहीत, दुकानं आहेत. माळा आणि गारगोटीचे दगड विकणारे खिडकीशी जमतात. आणि ड्रायव्हर म्हणतो, उतरा, आता बस. प्रत्येक प्रवासी-पुस्तकात असल्याच फसवणुकीचा इशारा दिलेला असतो. त्यात सुविधा शुल्काची पावती निराळी, बसचं तिकीट निराळं, लेण्यांचं निराळं.

फळ्यावर मी टी-पॉइंटचा नकाशा काढला: रस्ता, पार्किंग, दुकानं, बस, डोंगर. एक जण गेस्ट व्हायचा, दुसरा ड्रायव्हर. गेस्ट होणाऱ्यांना भारी मजा यायची. ते असे काही अडून बसत की खऱ्या गेस्टनं त्यांच्याकडून शिकावं. ‘धिस इज गव्हर्नमेंट रूल’ हे पहिलं वाक्य कुणालाच पटलं नाही. सरकारचं नाव घेतलं की आपल्याही माणसाचा संशय वाढतो. मग एका अबोल गृहस्थानं, जो आठवड्यात एकदा तोंड उघडायचा, सुचवलं, “ऑल कार्स स्टॉप हिअर बोलो.” ‘ऑल’वर जोर. गेस्ट आपोआप मान वळवतो, रांगेत उभ्या गाड्या बघतो, दुसरे गोरे लोक बसकडे चालताना बघतो. ते एक वाक्य टी-पॉइंटपर्यंत पोचल्यावर बोलायचं नाही, अजिंठ्याचा घाट उतरतानाच बोलायचं, ही भर दुसऱ्यानं घातली. बातमी आधी कळली की ती खोटी वाटत नाही.

बॅगांचं वाक्य उलटं निघालं. ‘युवर बॅग इज सेफ’ असं सगळे मनापासून म्हणायचे आणि ऐकणाऱ्याला तत्क्षणी वाटायचं की इथे चोऱ्या होतात तर. ते आम्ही टाकून दिलं. त्याऐवजी गेस्टच्या समोर गाडी लॉक करायची, हँडल ओढून दाखवायचं आणि ‘आय वेट हिअर’ म्हणायचं. परतताना वेगळीच पंचाईत: दुपारी त्या पार्किंगमध्ये सगळ्या इनोव्हा पांढऱ्या. दमलेला, विक्रेत्यांनी वेढलेला माणूस आपली गाडी शोधत फिरतो. यावर वर्गातल्या सगळ्यात धाकट्यानं तोडगा काढला होता. नंबरप्लेटशेजारी उभं राहून गेस्टकडून स्वतःचा फोटो काढून घ्यायचा. गेस्टला वाटे पोरगा हौशी आहे. पोराचं काम झालेलं असे.

पुढे 2018-19 च्या सुमारास अजिंठ्याचा रस्ताच चौपदरीकरणासाठी खोदून ठेवला गेला आणि आमच्या फळ्यावर नवे शब्द आले. फुलंब्री सोडलं की धूळ, सिल्लोडच्या पुढे माती, पाऊस पडला की चिखल. तीन तासांचा रस्ता पाच तासांवर गेला. ‘हाउ फार?’ या प्रश्नाला ड्रायव्हर नेहमीच तासांत उत्तर द्यायचे आणि मी ते कधी बदललं नव्हतं, ते बरंच झालं. शंभर किलोमीटर म्हटलं की अमेरिकन मनात 60 मैल करतो आणि त्याचा एक तास धरतो. तासांत दिलेलं उत्तरच खरं होतं. पण आता सकाळी निघतानाच एक ड्रायव्हर गेस्टला विचारू लागला, ‘यू हॅव बॅक प्रॉब्लेम?’ हेतू भला, पण नाश्ता करून आलेल्या अनोळखी बाईला पहिलाच प्रश्न तिच्या पाठीचा! मग ‘रोड इज बॅड फॉर अबाउट टू अवर्स. इफ यू वाँट, आय स्टॉप’ असं बसवलं. त्यात मी शिकवलेला ‘इफ’ पहिल्यांदा खऱ्याखुऱ्या कामाला आला. त्या सीझनला काही गेस्टांनी निघण्याआधीच अजिंठा रद्द करून वेरूळला दुसरा दिवस दिला. ड्यूटी लहान झाली, पैसे कमी झाले. मालक माझ्यावर थोडे नाराज होते.

मग करोना आला, गाड्या विकल्या गेल्या, काही जण भाजीच्या टेम्पोवर गेले. आता जे धंद्यात परतलेत त्यांच्या हातात भाषांतर करणारे फोन आहेत. हिंदीत बोललं की फोन इंग्रजीत बोलतो, फ्रेंचमध्येही बोलतो. परवा स्टेशनवर वर्गातला तो धाकटा भेटला. आता त्याच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत. मी म्हटलं, आता काय, तुम्हाला मॅडमची गरज नाही. तो म्हणाला, “आमचं भागतं मॅडम. तुम्ही त्या हॉटेलच्या काउंटरवाल्यांचा क्लास घ्या. आम्ही बोलतो अजंठा थ्री अवर्स, मे बी मोअर. ते टाय लावून बोलतात, ओन्ली टू अवर्स सर, नो प्रॉब्लेम. गेस्ट त्यांचं ऐकतो आन् शिव्या आम्हाला देतो.” कोणत्या हॉटेलांत आधी जायचं याची यादी त्याच्याकडे तयार होती. तिच्यात माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांची नावं होती, कॉलेजातल्या.